एकशेदहा मिनिटांची साखर

‘पेट स्कॅन करून घ्या,’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरातल्यांचे चेहरे उतरतात. त्यात केंद्रावरून सूचना येते : उपाशीपोटी या आणि वेळ चुकवू नका. पुष्कळांना ही नेहमीची दवाखान्याची शिस्त वाटते. पण इथे वेळ पाळण्यामागे पक्के कारण आहे.

या तपासणीआधी शिरेतून एफडीजी नावाचे औषध टोचतात. हे ग्लुकोजचेच भावंड. फक्त एका जागी किरणोत्सारी फ्लोरिन बसवलेले. कर्करोगाच्या बहुतेक पेशींना साखर जास्त लागते. त्या हे ग्लुकोज समजून आत ओढतात. पण त्यांना ते पुढे पचवता येत नाही. ते तिथेच अडकते आणि यंत्राला ती जागा दिसते.

खरी कसरत हे औषध बनवताना होते. सायक्लोट्रॉन यंत्रात खास प्रकारच्या पाण्यावर प्रोटॉनचा मारा करून फ्लोरिन-18 मिळवतात. ते दर 110 मिनिटांनी निम्मे होते. सकाळी आठला जेवढे होते, त्याचे नऊ पन्नासला अर्धे आणि अकरा चाळीसला पाव! शिवाय पाण्यात असताना ते पाण्यालाच धरून बसते, साखरेशी जुळत नाही.

1976 साली अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत बनवलेले एफडीजी विमानाने फिलाडेल्फियाला नेऊन प्रथमच माणसाला टोचले गेले. पण त्या पद्धतीत बरेचसे फ्लोरिन वाया जाई. 1986 मध्ये जर्मनीतील युलिश येथे हामाखर आणि सहकाऱ्यांनी तोडगा काढला. पाणी काढून टाकायचे आणि क्रिप्टोफिक्स नावाच्या पदार्थाने सोबतच्या पोटॅशियमला पिंजऱ्यात धरायचे. मग मोकळे झालेले फ्लोरिन चटकन साखरेला जोडले जाते. आजही हीच रीत मूळ धरून एफडीजी बनते. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली भारतातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला.

म्हणूनच हे औषध कपाटात साठवून ठेवता येत नाही. सांगितलेले तास काही खाऊ नका. रक्तात साखर वाढली तर चित्र बिघडते. मधुमेह असल्यास, गरोदर असल्यास किंवा बाळ अंगावर पीत असल्यास आधीच सांगा. तपासणीनंतर भरपूर पाणी प्या आणि सांगितलेला वेळ लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यापासून दूर राहा. जाणे जमणार नसेल, तर आदल्या दिवशीच कळवा. आणि त्या दिवशी घरातून अर्धा तास लवकरच निघा.