समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते काय?

धाराशिव, प्रतिनिधी - नद्या दुथडी भरून वाहू लागल्या, की ‘समुद्रात वाया जाणारे पाणी’ अडविण्याची मागणी मराठवाड्यात जोर धरते. 2016 मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे ध्यानात घेता या मागणीमागील व्यथा खोटी नाही. मात्र, ‘वाया’ हा शब्द तपासून पाहण्याची गरज आहे.

धाराशिव जिल्ह्याला किनारा नसला, तरी समुद्राशी नाते आहे. तेरणेचे पाणी मांजरामार्गे गोदावरीला, तर सीना आणि बोरीचे पाणी भीमेमार्गे कृष्णेला मिळते. दोन्ही नद्या आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळतात. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचे खारफुटीचे वन आहे. नदीचे गोडे पाणी तेथील खारटपणा आटोक्यात ठेवते, गाळ किनाऱ्याची झीज भरून काढतो आणि कोळंबी व माशांची पिल्ले खारफुटीच्या आश्रयाने वाढतात. धरणांमागे गाळ साचू लागल्याने या दोन्ही मुखांशी पोहोचणारा गाळ कमालीचा घटल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. पाकिस्तानात सिंधूचा प्रवाह रोडावल्याने समुद्राचे खारे पाणी आत घुसून ठट्टा परिसरातील शेती उजाड झाली.

धाराशिवमधील तलाव आणि बंधाऱ्यांनी समुद्राचे फारसे बिघडत नाही, हे खरे. प्रश्न आहे तो मोठ्या वळण योजनांचा. कोकणातील पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गोदावरी खोऱ्यात आणण्याच्या योजना राज्य शासनाने आखल्या आहेत. मराठवाड्याची तहान भागली पाहिजे, यात दुमत नाही. परंतु वैतरणा किंवा उल्हास नदीचा प्रवाह घटला, तर खाडीतील मासेमारीवर जगणाऱ्या कोळी बांधवांचे काय होणार, याचाही हिशेब मांडावा लागेल. 2012 च्या राष्ट्रीय जलनीतीतही प्रवाहाचा काही भाग पर्यावरणासाठी राखून ठेवावा, असे म्हटले आहे.

योजनेच्या खर्चात खाडीच्या हानीची नोंद प्रथम व्हावी. त्याच वेळी, टंचाईग्रस्त जिल्ह्यात उपलब्ध पाण्यावर उसाचे क्षेत्र किती वाढू द्यायचे, याचे उत्तर धाराशिवलाही द्यावे लागेल. अन्यथा एका टोकाची तहान भागविताना दुसऱ्या टोकाची चूल विझण्याचा धोका आहे.