यमूची साक्ष

हरी नारायण आपटे यांनी १८९० मध्ये पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा ब्राह्मण समाजातील विसंगती या कादंबरीने घराच्या आतून दाखवली.

कथा नायिका यमू स्वतः सांगते. कोवळ्या वयातले लग्न, सासरचा जाच, मुंबईत पती रघुनाथरावांच्या सहवासातले मोजके सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि सक्तीचे केशवपन. रघुनाथराव सुशिक्षित आहेत, पत्नीला शिकवतात; यमूचा भाऊही सुधारणेच्या बाजूचा आहे. पण घरात शब्द चालतो तो वडीलधाऱ्यांचा. धर्माचा अधिकार सांगणारे शंकरमामंजी यमूचे केशवपन घडवून आणतात. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता. यमूच्या घराचा उंबरा तो ओलांडू शकला नाही.

याच सुमारास, १८८५ मध्ये, अमेरिकेत मार्क ट्वेनची ‘हकलबेरी फिन’ प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक हक हा लहान मुलगा. पळालेल्या गुलामाला साथ देणे हे पाप, असे संस्कार झालेला हक शेवटी जिम या पळालेल्या गुलामाचीच साथ निवडतो. स्वातंत्र्याचा जयघोष करणाऱ्या देशाने माणसे विकत घेतली, हे त्याच्या भाबड्या बोलण्यातून उघडे पडते. यमू आणि हक यांचे बळ एकच आहे: अन्यायाचे समर्थन करण्याची मोठ्यांची हातोटी दोघांनाही साधलेली नाही. म्हणून त्यांची साक्ष टाळता येत नाही.

यमूची कथा प्रसिद्ध होत असतानाच, १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींसाठीची शरीरसंबंधाची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. त्यावरून टिळक आणि आगरकर यांच्यात तीव्र वाद झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इंग्रजी मुलखातला तो कायदा तेथे लागू नव्हता.

आज २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा सर्वत्र लागू आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण याहून बरेच अधिक होते. कायदा आणि घर यांच्यातले जे अंतर आपट्यांनी दाखवले, ते अजून मिटलेले नाही. मुलीचे म्हणणे घरातच ऐकले जाईल, तेव्हाच ते मिटेल.