चिखल मुरू द्या

आष्टी तालुक्यातल्या एका गावात या आठवड्यात पडक्या भिंतीत गव्हाचं काड दिसलं, अजून पिवळंधमक. माती वाळताना आकसते. तिला भेगांपासून धरून ठेवतं ते हे काड. आपली काळी माती तर उन्हाळ्यात हात जाईल एवढी उलते, म्हणून जुनी माणसं भिंतीला गावठाणातली पांढरीच घेत. काड घालून चिखल तुडवायचा, मुरवायचा, मग थापायचा. आणि तुडवायला उतरलेल्या पोरांना बाहेर काढणं, हे त्याहून अवघड! ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर मराठवाड्याने मातीच्या घराची धास्ती घेतली, ती समजण्यासारखीच. पण किल्लारीत माणसं गाडली ती आतबाहेर सांधणारा दगड नसलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदावरच्या मातीच्या ओझ्याने. हलक्या छपराखालची, लाकडी खांबांमधली कुडाची भिंत निराळी. सेवाग्रामची मातीची घरं १९३६पासून उभी आहेत. तेव्हा आयटीआयमध्ये सिमेंटच्या गवंडीकामाशेजारी मातीकामही शिकवलंच पाहिजे, आणि तेही चिखल पायाने ओळखणाऱ्या गावातल्या म्हाताऱ्यांना मास्तर नेमून, रीतसर मानधन देऊन.