कारण कागदावर हवे

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटेचे चार वाजायच्या आत भूकंपाने सास्तूर गावाची दगडामातीची घरे जमीनदोस्त झाली. पुढचे सगळे मग कागदावर ठरले. नव्या गावठाणात कोणाला केवढे घर, याचा नियम होता: भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्यावर ७५०. सातबारा पाहून घर मोजणारा हा नियम आम्हाला न्याय्य वाटत नाही. ज्याच्याकडे काहीच नव्हते त्यालाच लहान घर मिळाले. पण निदान नियम लिहिलेला होता, आणि लिहिलेल्याशी भांडता येते. नियम संपतो तिथे काय करायचे? वेगळी चूल मांडलेला मुलगा स्वतंत्र कुटुंब धरायचा की नाही? भिंतीचा तडा डागडुजीचा की घर पाडण्याचा? हे साहेब जागेवर ठरवतात.

हा अधिकार त्यांना हवाच; मंत्रालयात बसून सास्तूरची भिंत दिसत नाही. मात्र ज्याचा अधिकार त्यानेच ठरवावे, आणि कारण तेव्हाच लिहावे. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५१ सालीच, अंधेरीतल्या एका चित्रपटगृहाच्या प्रकरणात सांगितले आहे. मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी दिलेली परवानगी सरकारच्या सांगण्यावरून रद्द झाली होती. न्या. विव्हियन बोस यांनी ते रद्द करणे अवैध ठरवले. कायद्याने निर्णय आयुक्तांवर सोपवला होता, सरकारवर नव्हे. आणि आदेशाचा अर्थ त्याच्या शब्दांवरूनच लागेल, अधिकाऱ्याच्या मनात काय होते ते मागाहून सांगून चालणार नाही.

आज अतिवृष्टीच्या पंचनाम्यात तोच प्रश्न आहे. पीक ३३ टक्के गेले तर मदत. ३० लिहिले तर हात रिकामे. बांधावर उभे राहून केलेला अंदाज तो, पण त्यावर एका घराचे वर्ष तरते किंवा बुडते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधिताला सरकारने आपणहून द्यायची आहेत, अर्जाची वाट न पाहता. शेतकऱ्याला मात्र बहुधा ‘यादीत नाव नाही’ एवढेच ऐकू येते.

म्हणून पंचनाम्याची सही केलेली प्रत त्याच दिवशी शेतकऱ्याच्या हाती द्या. टक्केवारीपुढे ‘कशावरून’ हे एका ओळीत लिहा. आणि ग्रामसभेत यादी वाचाल तेव्हा नाकारलेली नावेही वाचा, कारणासकट.