गोल फिरतंय... पुढे काय? जेक्वेरी शिकताना आधी बिघाड वाचा



जेक्वेरीच्या प्रात्यक्षिकात सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "सर, चालत नाही!" काय चालत नाही? बटण दाबलं जात नाही, विनंती जात नाही, उत्तर येत नाही, की आलेलं उत्तर पानावर दिसत नाही? या चार वेगळ्या गोष्टी आहेत. माझं स्पष्ट मत असं, की एजॅक्सचा धडा यशापासून नव्हे, बिघाडापासून सुरू व्हायला हवा. पाठ्यपुस्तकात 'सक्सेस'चा कोड पानभर असतो आणि 'एरर'ला एक ओळ. उलटं पाहिजे.

थोडी पार्श्वभूमी. पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती मागवायची सोय मायक्रोसॉफ्टने 1999 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 5 मध्ये आणली. 'एजॅक्स' हे नाव जेसी जेम्स गॅरेट यांनी 2005 मध्ये दिलं. पुढच्याच वर्षी जॉन रेसिग यांची जेक्वेरी आली आणि प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळा कोड लिहिण्याचा त्रास बराच कमी झाला. आज नवीन कामात 'फेच' वापरतात हे खरं. पण जेक्वेरीवर चालणारी पानं अजून ढीगभर आहेत, आणि पहिल्या नोकरीत तीच दुरुस्त करायला मिळतात!

आता मुख्य मुद्दा. असिंक्रोनस म्हणजे काय? टपरीवर चहा सांगितला की आपण चहा येईपर्यंत श्वास रोखून उभे राहत नाही, गप्पा चालू ठेवतो. कोडही तसाच पुढे जातो. म्हणून एजॅक्सच्या खालच्या ओळीत व्हेरिएबल छापलं तर ते रिकामं दिसतं. चहा अजून आलेलाच नाही, कप कुठून दिसणार? उत्तरावरचं काम 'डन'च्या आतच करायचं.

दुसरा बिघाड मुलांना फार छळतो. कन्सोलमध्ये लाल अक्षरात येतं, 'डॉलर डॉट एजॅक्स इज नॉट अ फंक्शन'. स्पेलिंग तर बरोबर असतं! कारण फाइलच्या नावात दडलेलं असतं : 'स्लिम'. जेक्वेरी 3 पासून ही हलकी आवृत्ती मिळते आणि तिच्यातून एजॅक्स आणि इफेक्ट्स दोन्ही काढलेले आहेत. बूटस्ट्रॅप 4 च्या नमुना पानात हीच फाइल होती. तिथून कॉपी केलं की 'हाइड' चालतं, पण 'फेडइन' नाही आणि एजॅक्सही नाही. संपूर्ण फाइल जोडा, प्रश्न मिटतो. पण लाल ओळ वाचलीच नाही तर दुपार गेली म्हणून समजा.

इफेक्ट्सचं म्हणाल तर जासईच्या मुलांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग रोजच दिसते. जेक्वेरीचे इफेक्ट्सही एकामागून एक रांगेत लागतात. मेनूवरून माउस पाच वेळा फिरवला की माउस बाजूला घेतल्यावरही मेनू उघडझाप करतच राहतो, कारण मागचे ट्रेलर अजून निघायचे असतात. नवीन इफेक्टच्या आधी 'स्टॉप' लिहून त्याला पहिला आर्ग्युमेंट 'ट्रू' द्या, रांग मोकळी होते.

पण मला खरी काळजी आहे ती गोल फिरणाऱ्या चक्राची. संगणक कक्षात सर्व्हर त्याच मशीनवर असतो, उत्तर क्षणात येतं. तुमचं पान मात्र उद्या कुणीतरी मोबाइलवर, एक कांडी रेंज असताना उघडणार आहे. शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस आहे, 'सबमिट' दाबलंय आणि चक्र फिरतंय. फॉर्म गेला की नाही? त्या मुलीने थांबायचं की पुन्हा दाबायचं? जेक्वेरीत मुदत आपण दिली नाही तर ती नसतेच. वर प्रोग्रॅमरने 'फेल' लिहिलेलं नसेल आणि चक्र 'डन'मध्येच बंद केलेलं असेल, तर विनंती फसली तरी चक्र फिरतच राहतं. ती मुलगी बिचारी रेंजला दोष देत बसते. हा तांत्रिक किरकोळपणा नाही हो, हे तिचं वर्ष आहे.

म्हणून 'टाइमआउट' द्या, समजा 15 हजार मिलिसेकंद. चक्र 'ऑलवेज'मध्ये बंद करा. 'फेल'मध्ये मराठीत सांगा : 'उत्तर मिळालं नाही. फॉर्म पोहोचला का ते आधी तपासा.' 'पुन्हा दाबा' असं सरळ लिहू नका, कारण वेळ संपली तरी विनंती सर्व्हरवर पोहोचलेली असू शकते. मग एकाचे दोन फॉर्म होतात.

शोध घ्यायचा तर एफ-12 दाबून 'नेटवर्क' टॅब उघडा. तिथे विनंती दिसतच नसेल तर गडबड बटणाच्या कोडमध्ये. 404 असेल तर पत्ता चुकला, 500 असेल तर सर्व्हरचा कोड कोसळला. आणि 200 असूनही 'फेल' चालला तर? उत्तर उघडून बघा. बहुतेकदा जेसनच्या आधी पीएचपीची एखादी वॉर्निंग चिकटलेली सापडते.

शिक्षक मित्रहो, पुढच्या प्रात्यक्षिकात एवढं करून बघा. मुलांचा कोड चालू लागला की त्याच टॅबमध्ये 'ऑफलाइन' निवडा, त्यांना बटण दाबायला सांगा आणि पानावर काय दिसतं त्याला गुण द्या.