क्रॉस जाड केला, कोनाचं काय?



जीपच्या पुढच्या शाफ्टला ट्रान्स्फर केसपाशी युनिव्हर्सल जॉइंटचा जाड क्रॉस घाला, असा सल्ला गेल्या अंकातील पत्रात आहे. क्रॉस धरणाऱ्या पट्टीऐवजी यू-बोल्ट लावायला हरकत नाही. पण गाडी उंच केली की शाफ्टचा कोन वाढतो आणि कोनात फिरणाऱ्या एकेरी क्रॉसमुळे शाफ्टचा वेग दर फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. तिथे डबल क्रॉसच हवा. मग डिफरन्शियलचं तोंडही शाफ्टच्या रेषेत वळवावं लागतं. नुसता जाड क्रॉस घातला, तर तुटायचं ते ट्रान्स्फर केसच्या आत तुटेल. बाकी आमच्या विजयदुर्गला क्रॉस तुटण्याआधी गंजतात! पुळणीवरून होडी ओढली की गोडं पाणी मारावं, ग्रीस भरावं आणि डांबरीवर येताच फोर-व्हील काढावं.

– एक वाचक, विजयदुर्ग