परवाना माणसाचा, परवानगी भूमीची

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव स्थापत्यशास्त्राचे पदवीधर. सार्वजनिक बांधकाम विभागात कंत्राटदार म्हणून त्यांची नोंदणी झाली, त्या दिवशी घरात पेढे वाटले गेले. नोंदणीपत्र आमच्या हाती देऊन चिरंजीव म्हणाले, “काका, आता कोठेही बांधावयास मोकळा झालो!” आम्हीही मान डोलाविली. प्रमाद तेथेच झाला.

ही नोंदणी सरकारी कामांच्या निविदा भरण्यासाठी असते. नोंदणीचा जो वर्ग, त्या मर्यादेच्या रकमेची कामे. एखाद्या गृहस्थाचे घर बांधण्याची अनुज्ञा तिच्यात नाही. ती 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे त्या त्या भूमीसाठी स्वतंत्रपणे मिळवावी लागते. नकाशावर वास्तुविशारदाची अथवा परवानाधारक अभियंत्याची सही, मग बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, असा हा क्रम आहे. यज्ञात कर्ता अधिकारी असून भागत नाही, देशही योग्य असावा लागतो. तोच न्याय येथे.

आमच्या चांद्याकडे तर देशाचा विचार अधिकच सूक्ष्म. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या चार दरवाजांचा गोंडकालीन परकोट हे संरक्षित स्मारक आहे. 2010 च्या दुरुस्तीने अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध झाले आणि त्यापुढील 200 मीटरांत विशेष परवानगी आवश्यक ठरली. वडिलोपार्जित वाडा कोटालगत असेल, तर त्याची दुरुस्तीही विचारूनच करावी. गडचिरोलीकडे आदिवासी बांधवांची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासीने घेता येत नाही. आणि पूर्व विदर्भाच्या सहाही जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली जमीन आहेच. तेथे सागवान दिसत नाही, बोरी-बाभळींचे रान दिसते, म्हणून मनुष्य फसतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी निःसंदिग्धपणे सांगितले की, झुडपी जंगल हेही वनच होय. 12 डिसेंबर 1996 पूर्वी जेथे रीतसर वाटप झाले, तेथे नियमित करून घेण्याचा मार्ग ठेवला आहे. पुढच्यांना तो सोपा नाही.

चिरंजीवांनी पहिलेच खासगी काम घेतले ते गावाबाहेर, एका निवृत्त बाईंचे. विकणाऱ्याने खुंट्या दाखविल्या; सरकारी मोजणी कोणी मागितली नाही. अर्धे जोते शेजारच्या झुडपी जंगलाच्या क्रमांकात गेले आणि काम थांबविण्याची नोटीस आली. त्या बाईंची आयुष्यभराची पुंजी त्या पायात होती. भूमिपूजनास आम्ही स्वतः पंचांग घेऊन गेलो होतो. आम्ही मुहूर्त पाहिला. सात-बारा पाहिला नाही.

त्या रात्री घरातील सारी मंडळी माजघरात बसली. वहिनी म्हणाल्या, “विकणाऱ्याचे पाप विकणाऱ्यापाशी. आपल्या मुलाने मोजणी मागितली नाही, ते आपल्यापाशी.” घेतलेली सर्व रक्कम परत करण्याचे ठरले. ती फेडावयास एकत्र कुटुंबास दोन वर्षे लागली व एका मुलीचे लग्न पुढे ढकलावे लागले. त्याबद्दल तिने अवाक्षर काढले नाही, हे येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

आता चिरंजीव प्रत्येक कामाआधी चार कागद मागतात: सात-बारा, मोजणीचा नकाशा, बांधकामाची परवानगी आणि मजुरांच्या कल्याणाच्या उपकराचा हिशेब. गिऱ्हाइके कधी कंटाळून दुसरीकडे जातात. जावोत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी यंदा वास्तूचा विचार चालला असेल, त्यांनी उपाध्यायांकडे जाण्याआधी तलाठ्याकडे जावे. मुहूर्त पुढचाही मिळतो. पायात पुरलेला पैसा मिळत नाही.